खाऱ्या हवेत इन्व्हर्टर एसी आणि हीट पंप: गुहागरमधील एका निवासाचा अनुभव

गुहागरात आमचे घर आणि समुद्र यांच्यामध्ये माड-पोफळीचे एक आगर आहे, एवढेच काय ते अंतर. या घरातील चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्यांपैकी दोन खोल्यांसाठी पाच स्टारचे, प्रत्येकी एक टनाचे इन्व्हर्टर एसी आणि साऱ्या घराच्या अंघोळीच्या पाण्यासाठी २०० लिटरचा हीट पंप, म्हणजे हवेतील उष्णतेने पाणी तापवणारे यंत्र, अशी खरेदी आम्ही चिपळूणच्या एका विक्रेत्याकडून केली. मे महिन्यातील घामाच्या धारा, आषाढातील ओल आणि पौषातील पहाटेचा गारवा असे सगळे या यंत्रांनी आता पाहिलेले असल्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यास हरकत नाही. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण याच प्रतीची यंत्रे अनेक कंपन्या विकतात आणि किनाऱ्यावर खरा फरक नावाने नव्हे, तर निवडीने आणि बसवणुकीने पडतो असे माझे मत झाले आहे. निकाल आधीच सांगतो: हीट पंप निःशंकपणे घ्यावा, एसी काही अटी पाळूनच घ्यावा आणि दोन्ही बसवणारा माणूस यंत्रापेक्षा अधिक पारखून घ्यावा.

प्रथम एसीविषयी. दुकानात गेल्यावर पहिली चर्चा स्टारची होते आणि ती गैर नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने इन्व्हर्टर एसीला २०१८ पासून स्टारचे लेबल सक्तीचे केले. त्या वेळी आयएसईईआर हा हंगामी कार्यक्षमतेचा आकडा ४.५ असला की पाच स्टार मिळत. जुलै २०२२ मध्ये ही अट ५.० झाली. म्हणूनच जुन्या साठ्यातील पाच स्टारचे यंत्र ‘स्वस्तात देतो’ असे कोणी म्हणाल्यास स्टार न मोजता लेबलवरचा आकडा आणि त्याचे वर्ष वाचावे. त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागेल हेही छापलेले असते, परंतु तो हिशेब वर्षाला १६०० तास वापर धरून केलेला असतो. होळीपासून मृगापर्यंत रोज रात्री आणि पुढे सुट्ट्यांच्या गर्दीत एसी चालवणाऱ्याने तो आकडा आपल्या तासांच्या प्रमाणात कमी-जास्त करूनच पाहावा.

लेबल जे सांगत नाही, तेच कोकणात अधिक महत्त्वाचे आहे. प्रमाणित चाचणीत खोलीतील हवा २७ अंश सेल्सिअस आणि तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ४७ टक्के धरलेली असते. आमच्याकडे पावसाळ्यात ही आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आणि भर उन्हाळ्यातही समुद्रावरून येणारा वारा कोरडा नसतो. मुंबई-गोवा रस्त्याने दिवसभराचा प्रवास करून आलेला पाहुणा ‘उकडते’ म्हणतो, तेव्हा त्याची तक्रार तापमानाविषयी कमी आणि न वाळणाऱ्या घामाविषयी जास्त असते. हवेतील एक लिटर बाष्पाचे पाणी करण्यासाठी जवळपास ०.६८ युनिटएवढी उष्णता काढून घ्यावी लागते. एक टनाच्या यंत्राची क्षमता साडेतीन किलोवॉट धरली, तर तासाला एक लिटर पाणी काढताना तिचा पाचवा हिस्सा निव्वळ पाण्यावरच खर्च होतो. आमच्या यंत्रांच्या पाणी सोडणाऱ्या नळ्यांखाली बादली ठेवली की जूनच्या पहिल्या आठवड्यात ती किती झपाट्याने भरते हे पाहण्यासारखे असते. यंत्र किती पाणी काढते याचा आकडा मात्र त्या स्टारच्या लेबलवर नसतो.

येथेच इन्व्हर्टर यंत्राची एक मर्यादा उघड होते. ठरवलेले तापमान जवळ आले की इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो आणि विजेची बचत प्रामुख्याने याच युक्तीने होते. पण वेग मंदावल्यावर आतल्या युनिटची कॉइल पूर्वीइतकी गार राहत नाही, त्यामुळे तिच्यावर पाणी कमी साचते. जुलैमध्ये बाहेरच २६ अंश असताना २५ वर लावलेले यंत्र थोड्याच वेळात ‘काम झाले’ असे समजून मंद होते. खोली गार असते, पण चादर ओलसर लागते. यंत्र खोलीच्या मानाने मोठे असेल, तर हा दोष वाढतो. विक्रेत्याचा आग्रह दीड टनाचा होता, ‘एक माप मोठे असलेले बरे’ हे त्यांचे नेहमीचे तत्त्व. आमच्या खोल्या दहा बाय बाराच्या, भिंती जांभ्याच्या आणि पश्चिमेच्या उन्हाला आगराची सावली असल्यामुळे एक टनावर आम्ही ठाम राहिलो. पश्चिमेला उघडी खिडकी आणि डोक्यावर उघडी स्लॅब असलेल्या खोलीला कदाचित दीड टनच लागेल. त्या बाबतीत आमचे उदाहरण प्रमाण मानू नये.

पावसाळ्यात आम्ही रिमोटवर ‘ड्राय’ हाच पर्याय लावतो. त्यात आतला पंखा हळू फिरतो, हवा गार कॉइलला अधिक वेळ लागून जाते आणि पाणी अधिक निघते. उन्हाळ्यात एसी २६ किंवा २७ वर ठेवून छताचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा, पंखा मंद चालवला, तर बहुतेक पाहुण्यांना पुरते. असा पंखा पूर्ण वेगालाही तीसेक वॉट घेतो, जुना साधा पंखा सत्तरच्या पुढे जातो. जानेवारी २०२० पासून स्टारचे लेबल असलेले एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर लागतात, पण पुण्या-मुंबईचे तरुण पाहुणे खोलीत शिरताच ते १८ वर नेतात. त्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त यंत्र थांबायचे नाव घेत नाही. शिवाय सकाळी खिडकीच्या काचा बाहेरून घामेजतात आणि कपाटामागे बुरशी धरते. दर एका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोच सांगते. आम्ही हे भिंतीवर लिहून लावले आहे. वाचले किती जणांनी, ते बिलावरून कळते.

कौलारू घरांसाठी एक स्वतंत्र इशारा देणे आवश्यक वाटते. मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जावी अशीच या छपरांची रचना आहे आणि ती उत्तमही आहे, पण त्याच कारणाने अशा खोलीत एसी लावणे म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणे होय. आम्ही वाशांखाली पीव्हीसीचे छत घेऊन त्यावर उष्णतारोधक पत्रा अंथरला, कडा सिलिकॉनने बंद केल्या आणि जुन्या दारांच्या तळाशी रबरी पट्टी लावली. या कामाला एका एसीच्या निम्म्याहून अधिक खर्च आला, पण ते काम केले नसते तर एक टनाची निवड नक्कीच फसली असती. ज्यांना हे छत करायचे नाही, त्यांनी एसीचा विचार सोडून द्यावा आणि चांगले पंखे घ्यावेत. मोठा एसी घेऊन फटींशी झुंजण्यात अर्थ नाही.

बसवणुकीविषयी थोडे सविस्तर लिहितो. एसी बसवताना तांब्याच्या नळ्यांत आधीपासून हवा असते आणि आमच्याकडच्या हवेत पाणी आलेच. ती काढण्याचा सोपा पण चुकीचा मार्ग म्हणजे बाहेरच्या युनिटमधला थोडा गॅस सोडून हवा ढकलून देणे. पाच मिनिटांत काम होते आणि गिऱ्हाइकाला काही कळत नाही. मागे राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करतो आणि यंत्र दोन-तीन वर्षांनी दगा देते, तेव्हा दोष कंपनीला दिला जातो. आमच्याकडे आलेल्या मुलाने पिशवीतून व्हॅक्यूम पंप आणि डिजिटल गेज काढले, तेव्हाच मला बरे वाटले. ‘काका, अर्धा तास तरी हा चालू राहणार, तोवर आवाज सहन करा,’ असे म्हणून तो पडवीत बसून राहिला. गेज ५०० मायक्रॉनच्या (नळीत उरलेल्या हवेच्या दाबाचे हे माप) खाली गेल्यावर त्याने पंप बंद केला आणि आकडा पुन्हा वर चढतो का हे पाहत आणखी दहा मिनिटे घालवली. एका यंत्राचा आकडा चढलाच. जोडाचा नट सोडून नळीचे फुलवलेले टोक त्याने कापले, पुन्हा नव्याने फुलवले आणि सारा उद्योग मुकाट्याने पहिल्यापासून केला. दुकानाची शिफारस मी करतो ती या दहा मिनिटांमुळे.

त्याच मुलाने आणखी एक गोष्ट सुचवली: पाण्याची नळी शेवटपर्यंत उताराला असावी आणि तिचे टोक उघडे न ठेवता त्याला बारीक जाळी बांधावी. मुंग्या आणि पाली हे किनाऱ्यावरच्या यंत्रांचे छुपे शत्रू आहेत. बाहेरच्या युनिटमधील उबदार सर्किट बोर्डावर पाल आडवी झाली की ती तर मरतेच, पण बोर्डही घेऊन जाते, आणि इन्व्हर्टर यंत्राचा बोर्ड हा त्याच्या महागड्या भागांपैकी एक असतो. बोर्डाच्या पेटीच्या फटी जाळीने बंद करण्यास फारसे पैसे लागत नाहीत. पेटीला हात लावण्याआधी हमीच्या अटी मात्र वाचाव्यात.

आता खाऱ्या हवेकडे वळू. बाहेरच्या युनिटच्या पात्यांचे अॅल्युमिनियम आणि नळ्यांचे तांबे यांच्या सांध्यावर मीठ आणि ओल पोचली की दोन धातूंत विद्युतरासायनिक गंज सुरू होतो. पात्यांवर पांढरी भुकटी दिसू लागते आणि हळूहळू ती बोटाने चुरगळतात. म्हणून तांब्याची कॉइल आणि पात्यांवर निळसर संरक्षक लेप असलेलेच यंत्र घ्यावे. तरीही तो लेप अमरपट्टा नव्हे. विक्रेत्याने दिलेला साधा रंगवलेला लोखंडी स्टँड आम्ही परत केला आणि गॅल्व्हनाइज्ड स्टँड व स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट घेतले. युनिट समुद्राच्या बाजूला न लावता घराच्या पूर्वेच्या भिंतीला, पागोळ्यांपासून दूर लावले. नळ्या थोड्या लांबल्या. नळी कंपनीने धरलेल्या लांबीपेक्षा वाढली, तर जादा गॅस किती घालायचा हे पुस्तिकेत दिलेले असते आणि ते वजन करूनच घालावे लागते. आमच्या यंत्रांत आर-३२ हा वायू आहे. कार्बन डायऑक्साइडची पृथ्वीचे तापमान वाढवण्याची क्षमता १ धरली, तर त्याची ६७५ आणि आधीच्या आर-४१०ए ची २०८८ होती, हा फायदा आहेच. पण तो काही प्रमाणात ज्वलनशील असल्यामुळे नवख्या हाताला यंत्र उघडू देऊ नये.

बाहेरचे युनिट गोड्या पाण्याने वरचेवर धुणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे. एसी बंद करून, भिंतीवरचा स्विच पाडून, बागेच्या नळीने मंद धारेने वरून खाली पाणी सोडावे. गाड्या धुण्याचा जोरदार पंप पाती वाकवतो. आंब्यावर फवारणीचा पंप हाताशी असतो म्हणून तो वापरण्याचा मोह काहींना होतो. त्यातील औषधाचा अंश धातूवर आणि खोलीशेजारी नको. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते, तेव्हा विहिरीच्या पाण्याने धुणे म्हणजे मिठावर मीठ. आम्ही टाकीतले नळयोजनेचे पाणी वापरतो. हमीच्या कागदावर कॉम्प्रेसरला दहा वर्षे असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, पण गंजाने झालेले नुकसान हमीत येते की नाही हे बारीक अक्षरांत पाहावे. मी चाळलेल्या बहुतेक पत्रकांत ते येत नव्हते.

एवढे सगळे सांभाळल्यावर एसी चांगला चालतो, यात शंका नाही. परंतु ज्या यंत्राने आमच्या घरात खरोखर फरक पडला, ते हीट पंप आहे, आणि कोकणात त्याची पुरेशी माहिती नाही याचे मला आश्चर्य वाटते.

आमच्याकडे पूर्वी न्हाणीघरात बंब होता. नारळाची सोडणे आणि वाळलेल्या झावळ्या घरच्याच असल्यामुळे इंधन फुकट, पण चार खोल्यांच्या पाहुण्यांना पहाटेपासून पाणी पुरवणे घरातल्या एका माणसाला जुंपूनच शक्य होते. नंतर प्रत्येक न्हाणीत गीझर आले. सोलरचा विचार केला तेव्हा दोन अडचणी निघाल्या. गरम पाण्याची हौस पाहुण्यांना पावसात भिजून आल्यावर सर्वांत जास्त असते आणि जून ते सप्टेंबर ऊन मिळेलच असे नाही. शिवाय आगरातल्या घराच्या छपरावर दुपारपर्यंत माडांची सावली असते आणि काचेच्या नळ्यांवर नारळ पडला तर काय होईल, हे सांगायला नको.

हीट पंप हा उलटा लावलेला एसीच आहे. तो बाहेरच्या हवेतील उष्णता गोळा करून टाकीतल्या पाण्याला देतो. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवण्यासाठी लागते. २०० लिटर पाणी २६ अंशांवरून ५५ पर्यंत तापवायला पावणेसात युनिट उष्णता लागते. गीझरला तेवढी वीज लागते, शिवाय टाकीतून होणारी उष्णतेची गळती वेगळी. हीट पंप एका युनिट विजेवर तीन ते चार युनिट उष्णता देत असल्यामुळे तेच काम दोन-सव्वादोन युनिटांत होते आणि आमच्या सबमीटरवरही साधारण हेच दिसते. या यंत्राला थंड कोरडी हवा आवडत नाही. उबदार, दमट हवेतून त्याला उष्णता सहज मिळते, कारण बाष्पाचे पाणी होताना निघणारी उष्णताही त्याच्याच पदरात पडते. एसीला जड जाणारी आमची हवा हीट पंपाच्या पथ्यावर पडते. जानेवारीतही आमच्याकडे तापमान क्वचितच पंधरा अंशांखाली जाते, त्यामुळे थंड प्रदेशांत या यंत्राच्या बाहेरच्या कॉइलवर हिम साचण्याची जी अडचण येते, ती येथे उद्भवत नाही.

उणिवा आहेत. पाणी तापायला वेळ लागतो. संपूर्ण गार टाकी गरम होण्यास तीन-चार तास जातात. म्हणून टाकीचे माप नीट काढावे. ५५ अंशांच्या टाकीतल्या पाण्यात गार पाणी मिसळून वापरण्याजोगे, म्हणजे ४० अंशांचे, पाणी सव्वातीनशे लिटरच्या आसपास मिळते. वीस लिटरच्या सोळा बादल्या. आठ पाहुण्यांना बादलीने अंघोळीसाठी हे भरपूर आहे, शॉवरखाली वेळ विसरणाऱ्यांसाठी मात्र अपुरे. पूरक विजेची कॉइल टाकीत असते, पण ती सतत चालू राहिली तर सगळा फायदा संपतो. आम्ही तिचा स्विच वेगळा आणि बंद ठेवला आहे. तापमान जेवढे वर न्यावे, तेवढी कार्यक्षमता घटते, म्हणून रोज ५५ पुरे. जंतूंच्या दृष्टीने अधूनमधून ६० पर्यंत नेणे चांगले. टाकीतील मॅग्नेशियमचा दांडा टाकीऐवजी स्वतः झिजत जातो, तो संपण्याआधी बदलावा लागतो, आणि हे विक्रेत्याने आपणहून सांगितले नव्हते. किंमत गीझरच्या कित्येक पट आहे. आवाज जुन्या फ्रीजपेक्षा थोडा मोठा, त्यामुळे ते पाहुण्यांच्या खिडकीखाली नको.

यंत्रातून बाहेर पडणारी हवा गार असते. आम्ही यंत्र मागच्या पडवीत, कोठीला लागून ठेवले आहे आणि त्याचा झोत कोठीत सोडला आहे. पावसात तेथे कपडे वाळतील अशी घरच्यांची अपेक्षा होती. तसे होत नाही, कारण ती हवा गार असली तरी जवळपास संपृक्तच असते. पण कोठीतील हवाच पुन्हा पुन्हा यंत्रातून फिरत असल्याने तिच्यातले पाणी निघत राहते. पोह्यांचे डबे आणि कोकमांच्या बरण्या ठेवण्यासाठी ती खोली पूर्वीपेक्षा नक्कीच बरी झाली आहे.

विजेच्या भरवशाविषयी गुहागरकरांना सांगायला नको. दाभोळ वीज प्रकल्प आमच्याच तालुक्यात उभा आहे, तरी पावसाळ्यात वीज जायची तेव्हा जातेच, आणि जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर पलीकडच्या दापोली-मंडणगड भागातील गावांनी किती दिवस अंधारात काढले हे सर्वांना आठवते. अशा वेळी हीट पंपाचा आणखी एक गुण कळतो: दोन-तीन किलोवॉटच्या गीझरला मोठे जनरेटर लागते, तर हा सहा-सातशे वॉटवर चालतो. टाकी चांगली बंदिस्त असल्यामुळे संध्याकाळी तापलेले पाणी सकाळीही अंघोळीजोगे राहते.

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढत असल्याने वाचलेले प्रत्येक युनिट वरच्या, महागड्या टप्प्यातले असते. तेव्हा बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नये. ज्यांच्याकडे रोज शंभर लिटरही गरम पाणी लागत नाही, त्यांचा हीट पंपाचा खर्च मात्र लवकर भरून निघणार नाही. त्यांनी लहान गीझरवरच भागवावे. खानावळ, लॉज किंवा मोठे एकत्र कुटुंब यांच्यासाठी हिशेब वेगळा आहे.

विक्रेत्याविषयी एक तक्रार नोंदवतो. यंत्रे बसवण्याचे काम उत्तम, पण देखभालीचा वार्षिक करार त्यांनी सर्व गिऱ्हाइकांसाठी एकाच साच्यात केला होता: वर्षातून दोन भेटी, त्यांपैकी एक जुलैत. जुलैत पाऊसच बाहेरचे युनिट धुऊन काढत असतो, त्या भेटीचा किनाऱ्यावर काही उपयोग नाही. एक भेट हंगामाच्या आधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, आणि दुसरी गणपतीनंतर पाऊस ओसरल्यावर हवी, असे आम्ही कळवले. दोनदा फोन करावा लागला, पण त्यांनी करार बदलून दिला आणि हीट पंपाचा दांडा तपासण्याचे कलमही त्यात लिहून घेतले. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी सही करण्यापूर्वीच हे दोन बदल मागून घ्यावेत.